मंत्रीजी, आमचं घर धोकादायक कोणी केलं?

माननीय नगरविकास मंत्री महोदय, मध्य प्रदेश,
सप्रेम नमस्कार.

मी इंदूरला मल्हारगंजकडे राहते, लग्न होऊन आले तेव्हापासून इथेच. गेल्या आठवड्यात आमच्या दारावर नोटीस चिकटवली की मकान जर्जर आहे, राहायला धोकादायक आहे, ताबडतोब खाली करा. आहेच धोकादायक, मी कुठे नाही म्हणते! पण ते तसं झालं कशानं हे त्या कागदात एका ओळीनंही लिहिलेलं नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

रोड रुंद करताना आमचा ओटा, खालचं दुकान आणि अर्धी माडी गेली. मोजणीवाले आले, भिंतीवर लाल निशाण मारून गेले, मग पोकलेन आलं. जे साहेब आले होते ते सासूबाईंसमोर बसून म्हणाले होते, "माताजी, चिंता मत करो." पुढची भिंत बांधून मिळेल, नवी ड्रेनेज लाइन येईल, तारा जमिनीखाली जातील, सगळा मोहल्ला नवा होईल. सासूबाईंनी त्यांना चहा दिला. त्यानंतर ते साहेब दिसलेच नाहीत, झोनवर, म्हणजे महापालिकेच्या आमच्या भागातल्या ऑफिसात, विचारलं तर म्हणे बदली झाली.

भिंत अजून झालेली नाही. माडीच्या उघड्या तोंडाला आम्ही निळी ताडपत्री बांधलीय. सागवानी तुळई जिथून कापली तिथूनच पाऊस आत येतो, पाणी मुरत मुरत मातीच्या भिंतीत जातं, भिंत फुगते आणि विटा सुटतात. परवा रात्री स्वयंपाकघराकडची बाजू अशीच बसली. सासूबाई 81 वर्षांच्या आहेत, त्यांचं मनगट मोडलं. आणि तुम्ही आम्हाला सांगताय की मकान खाली करा? कुठे जायचं, भाडं कोण देणार, दुकान तर आधीच गेलं ज्यावर घर चालत होतं.

नुकसानभरपाई विचारली तर टीडीआर सांगतात. 2018 मध्ये त्याचे नियम आले म्हणे, गेलेल्या जागेच्या बदल्यात बांधकामाचा हक्क, तो दुसरीकडे वापरा नाहीतर बिल्डरला विका. अहो, आम्हाला टॉवर बांधायचाय का? आम्हाला एक भिंत हवीय, सिमेंट आणि गवंडी रोख पैशानं येतो, हक्काच्या कागदानं नाही.

इंदूर केंद्राच्या स्मार्ट सिटी मिशनच्या पहिल्या 20 शहरांत आलं, जानेवारी 2016. होळकरांच्या राजवाड्याभोवतीचा 742 एकरांचा जुना भाग निवडला होता, आम्ही पेपरात वाचून खूश झालो होतो. 31 मार्च 2025 ला ते मिशन संपलंसुद्धा. राजवाडा सुधारला ते चांगलं झालं, मी मनापासून म्हणते. 1984 च्या आगीत त्याचं काय झालं होतं ते आमच्या घरच्यांनी पाहिलंय. खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे लाकडाचे, त्या लाकडासाठी कारागीर मिळाले ना? मग तसंच सागवान, तशाच तुळया आमच्या घरांत आहेत, होळकरांच्या काळातली घरं आहेत ही, त्यांच्या वाट्याला पोकलेनच का? मे 2025 मध्ये अहिल्यादेवींच्या 300 व्या जयंतीसाठी अख्ख्या मंत्रिमंडळाची बैठक राजवाड्यात झाली. आमची गल्ली तिथून लांब नाही. कुणीतरी पाच मिनिटं इकडे यायला हवं होतं.

आणि हे काही नवीन मागत नाहीये मी. होळकर दरबारानं पॅट्रिक गेडेस नावाच्या स्कॉटिश नगररचनाकाराला बोलावून या शहराचा आराखडा करून घेतला होता, 1918 मध्ये त्याचा अहवाल आला. त्याचं म्हणणं असं की जुनी वस्ती सरसकट पाडू नका, जी घरं अगदीच गेलीत तेवढीच काढा, मिळालेल्या जागेत छोटे चौक करा, झाडं लावा, बाकीची दुरुस्त करा. प्लेगचे दिवस होते. त्यानं दिवाळीची मिरवणूक काढली आणि आधीच जाहीर केलं की जिथे सगळ्यात जास्त घरं साफ आणि दुरुस्त असतील त्या रस्त्यानं ती जाईल. लोकांनी आपणहून घरं नीट केली! शंभर वर्षांपूर्वी हे इंदूरमध्ये झालंय, आणि आज आम्हाला नकाशा बघायला मागितला तरी मिळत नाही.

2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर आपला, त्याचा अभिमान मलाही आहे, कचरा मी रोज वेगवेगळा करून देते. पण नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी पहिली बादली ओतून द्यावी लागते इतकं गढूळ. नवा रोड झाला, मग ड्रेनेजसाठी खोदला, मग केबलसाठी. आधी खालची कामं आणि मग रोड, एवढं ठरवायला काय लागतं?

विचारायचं तरी कोणाला? फेब्रुवारी 2020 ते जुलै 2022 या शहरात महापालिकेची निवडून आलेली परिषदच नव्हती, सगळं अधिकारीच चालवत होते, आणि आता पार्षद, म्हणजे नगरसेवक, आहेत तर ते म्हणतात की वरून आदेश आहे. वर कोण? भोपाळ? शहरांचा कारभार निवडून आलेल्यांच्या हाती देणारी 74 वी घटनादुरुस्ती होऊन तीस वर्षं उलटली, वॉर्ड समित्या त्यात लिहिल्यात, आमच्या मोहल्ल्यात एक उघडी बैठक झालेली मला आठवत नाही. मग मोहल्ल्यातली पोरं कंटाळून बायपासकडे फ्लॅट घेतात, मागे म्हातारी माणसं आणि कुलपं राहतात, आणि तुमच्या फाइलीत लिहिलं जातं की जुना भाग ओस पडला.

तर मंत्रीजी, ही नोटीस आधी मागे घ्या. कापलेल्या प्रत्येक घराला इंजिनियर पाठवून टेकू लावा, दिवाळीआधी. भिंतीचा खर्च रोख द्या, आणि पुढे ज्यांची घरं जाणार आहेत त्यांना पाडण्याआधी द्या. जुन्या घरांच्या दुरुस्तीला कमी व्याजाचं कर्ज सुरू करा. आणि रोडच्या चौडीकरणाचा, म्हणजे रुंदीकरणाचा, पूर्ण नकाशा झोनच्या भिंतीवर लावा, कुठल्या घराचं किती जाणार ते फुटांत लिहून.

उत्तर लेखी पाठवा. फोनवर सांगितलेलं आता आमच्या घरात कोणी खरं मानत नाही.

आपली,
मल्हारगंजची एक रहिवासी, इंदूर