स्किल खरं, पण नाल कोण मोजतंय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑनलाइन पैशांचे गेम बंद झाल्यापासून दोनच प्रकारची मतं वाचतोय, एक तर 'बरं झालं, जुगारच होता तो' नाहीतर 'रमी-पोकरला डोकं लागतं, त्यांना मटक्याच्या पंगतीत कशाला बसवता'. मी दोन वर्षं ॲपवर पोकर खेळलोय आणि पावणेदोन लाख घालवलेत, म्हणून थोडं सांगतो.

डोकं लागतं हे खरंच आहे. मटक्यात आकडा लावला की तुमचं काम संपलं. पोकरमध्ये समोरचा आत्ता पैसे का वाढवतोय, मगाशी असंच करून त्याने काय दाखवलं होतं, पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, किती आहेत आणि मला किती टाकावे लागतायत हा हिशोब सतत चालू असतो आणि तो जमला ना, की अडलेलं गणित सुटल्यासारखं वाटतं, मला तर पैशांपेक्षा त्याचीच चटक लागली. हातात काही नसताना ब्लफ मारून समोरच्याला पत्ते टाकायला लावायचे, अहाहा!

आणि फसतो तो इथेच. मटक्यात हरलेला नशिबाला शिव्या देतो, पोकरमध्ये हरलेला म्हणतो माझंच चुकलं, अजून शिकतो, मग यूट्यूबवर चार व्हिडिओ बघून परत पैसे भरतो. दोन एक्के, म्हणजे सुरुवातीचे सगळ्यात भारी पत्ते, हातात येतात सरासरी 221 डावांत एकदा. ते आले, समोर दोन राजे निघाले, सगळे पैसे मध्ये गेले, तरी टेबलावर पुढे उघडणाऱ्या पत्त्यांमुळे शंभरातले अठरा-एक डाव ते राजेच मारून नेतात, तुमची काही चूक नसताना. हे मला पाठ होतं, तरी एका रात्री असं झाल्यावर उट्टं काढायला पहाटे चारपर्यंत बसलो आणि 22 हजार गेले.

दुसरी गोष्ट नाल, म्हणजे डावातल्या पैशांतून खेळ चालवणाऱ्याने काढलेला वाटा. पत्त्यांच्या क्लबात मालक काढतो तीच, ॲपवाले तिला रेक म्हणायचे एवढंच. बरोबरीचे सहा जण रात्रभर खेळले तरी सकाळी सगळ्यांचे मिळून पैसे कमीच भरतात. 1967 साली सुप्रीम कोर्टाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं (रमीला हं, पोकरला नाही) आणि या धंद्याने ते इतकी वर्षं मिरवलं. पण त्याच निकालात पुढे असंही आहे की पैसे लावून चाललेल्या खेळातून क्लबचा मालक नफा काढत असेल तर गुन्हा ठरू शकतो. ते वाक्य मला एकाही जाहिरातीत दिसलं नाही.

ऑगस्ट 2025 च्या कायद्याने स्किल की नशीब हा घोळच ठेवला नाही, पैसे लावून ऑनलाइन खेळ म्हणजे बंद. शिक्षा चालवणाऱ्याला, खेळणाऱ्याला नाही, हेही बरं केलं. पण हे सगळं ऑनलाइनपुरतं, गोव्यात मांडवी नदीतली कॅसिनोची जहाजं आहेत तिथेच आहेत. परवा आमच्या जुन्या ग्रुपवर मेसेज आला, "शनिवारी पणजी, कोण कोण?" मी अजून नाही म्हटलेलं नाही.

आपला,
एक वाचक, पुणे