प्रयोग कोणत्या प्राण्यावर, हेही छापावे

मा. संपादक,

स्टीव्हियासारख्या वनस्पतिजन्य गोड पदार्थांमुळे प्रयोगशाळेतील प्राण्यांची वागणूक बिघडते, अशा आशयाच्या बातम्या अधूनमधून वाचनात येतात. त्यांत प्राणी कोणता होता आणि त्याच्या खाद्यात नेमके काय मिसळले होते, हे बहुधा शेवटच्या ओळीत असते किंवा नसतेच, याबद्दल हे पत्र आहे.

फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये फळमाश्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. ‘ट्रुव्हिया’ हे स्टीव्हियायुक्त मिश्रण घातलेल्या खाद्यावर माश्या सरासरी ५.८ दिवस जगल्या. ते नसलेल्या खाद्यांवर ३८.६ ते ५०.६ दिवस. मरण्यापूर्वी त्यांचा हालचालींवरचा ताबाही सुटत गेला. (नळी टेबलावर हलकेच आपटली की निरोगी फळमाशी तडक वर चढू लागते, असा ताबा जोखण्याची ही रूढ पद्धत आहे.) एवढेच वाचणारा माणूस स्टीव्हियाला बोल लावून मोकळा होईल. प्रत्यक्षात घटक वेगवेगळे तपासल्यावर दोष निघाला तो एरिथ्रिटॉल या साखरेऐवजी वापरल्या जाणाऱ्या दुसऱ्याच गोड पदार्थाचा, आणि त्या मिश्रणात तेच सर्वाधिक होते. आपल्याकडेही ‘स्टीव्हिया’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांच्या पाठीमागे बारीक अक्षरांत हेच नाव असते.

दुसरी गोष्ट जिभेची. पश्चिम आफ्रिकेतील फळांपासून मिळणारी थॉमॅटिन आणि ब्राझीन ही प्रथिने आपल्याला साखरेच्या शेकडो पट गोड लागतात, पण उंदराच्या जिभेवरील चवग्राहकांची घडण वेगळी असल्याने त्याला ती गोडी जाणवतच नाही. मांजराला तर गोड चवच कळत नाही. उंदरापुढे साध्या पाण्याची आणि गोड द्रावणाची अशा दोन बाटल्या टांगतात, एकाच बाजूची सवय लागू नये म्हणून त्यांच्या जागाही बदलतात. या चाचणीत त्याने थॉमॅटिनला पसंती दिली नाही, तर त्यावरून माणसाच्या खाण्याविषयी निष्कर्ष काढणे म्हणजे आंधळ्याला रंग विचारण्यासारखे आहे. स्टीव्हियाला गोडीबरोबर कडवटपणाही असल्याने तेथे मात्रेचा उल्लेख अधिकच आवश्यक ठरतो.

सावधगिरी नको, असे माझे म्हणणे नाही. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा पदार्थांवर विसंबू नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिला आणि त्यात स्टीव्हियाचाही समावेश केला. मात्र त्याचा मुख्य आधार माणसांवरील अभ्यास होते, फळमाश्या नव्हेत. प्राणी, पदार्थ आणि मात्रा या तिन्हींचा उल्लेख आपण बातमीच्या पहिल्याच परिच्छेदात करावा, ही विनंती.

आपला,
प्राणिशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक, सातारा