तुझ्या टँकमध्ये नेमकं पाणी किती?

धरमपेठ, नागपूर
१२ एप्रिल

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

फोटो आणि मापं मिळाली. काटोल रोडच्या तुझ्या वावरात स्विमिंग टँकचं काँक्रीट पूर्ण झालेलं पाहून फार आनंद झाला. काकूंना तर नातवंडं उन्हाळ्यात गावी टिकतील याचाच जास्त आनंद असेल. पण सोबत ठेकेदाराचं जे कोटेशन पाठवलंस, त्यातली पहिलीच ओळ मला खटकली: 'पाणी ७०,००० लिटर'. पंप, फिल्टर, क्लोरीन, भरायचे टँकर, सगळा खर्च त्या एका ओळीवर उभा आहे आणि ती ओळ चूक आहे. तुझ्या टँकमध्ये पन्नास हजारांच्या वर पाणी मावत नाही. कदाचित त्याहूनही कमी.

सत्तर हजार आले कुठून ते मी शोधलं. ३० फूट लांबी, १५ फूट रुंदी आणि साडेपाच फूट खोली यांचा गुणाकार होतो २,४७५ घनफूट, म्हणजे पावणेपंचवीस ब्रास. एका घनफुटात २८.३ लिटर पाणी असतं. गुणून बघ, ७०,०४२ येतात. त्याने सगळ्यात खोल जागेची खोली अख्ख्या टँकला लावली. मुलांच्या बाजूला तर पाणी तीनच फूट आहे!

यावर तू म्हणशील, दोन्ही टोकांची सरासरी घेऊ. तीन आणि साडेपाच, म्हणजे सव्वाचार फूट. तसं केलं तर ५४,१२४ लिटर येतात. शाळेत आपण हेच शिकलो आणि तळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ उतरत असेल तर ते बरोबरही आहे. तुझा तळ तसा नाही. तूच लिहिलंस की उथळ बाजूला १४ फूट सपाट आहे, मग १० फूट उतार आणि शेवटचे ६ फूट पुन्हा सपाट. म्हणजे उथळ भाग खोल भागाच्या दुपटीहून लांब. अशा तळाचे तीन तुकडे करून मोजायचे. उथळ तुकडा १४ × १५ × ३, म्हणजे ६३० घनफूट. उताराचा १० × १५ × ४.२५, म्हणजे ६३७.५, सरासरी खोली फक्त इथेच लावायची. खोल तुकडा ६ × १५ × ५.५, म्हणजे ४९५. बेरीज १,७६२.५ घनफूट, म्हणजे ४९,८७९ लिटर. नुसत्या सरासरीत आणि यात सव्वाचार हजार लिटरचा फरक पडला.

आता मला एक सांग, खोली तू कुठपासून मोजलीस? टेप वरच्या काठाला लावला असशील तर हेही माप जास्त आहे. स्किमर, म्हणजे वरचा कचरा ओढून घेणारं भिंतीतलं तोंड, असलेल्या टँकमध्ये पाणी काठापर्यंत भरत नाहीत. स्किमरच्या तोंडाच्या मध्यापर्यंत पातळी ठेवतात, ती काठाखाली चार-सहा इंच असते. तुझ्या टँकचा एक इंच म्हणजे सुमारे १,०६० लिटर. सहा इंच गेले की ४९,८७९ मधून आणखी ६,३६८ वजा होऊन साडेत्रेचाळीस हजार उरतात. म्हणून खोली पाण्याच्या पातळीपासून मोजायची, आणि तीही टाइल्स लागल्यावर.

बाजूच्या छोट्या गोल टँकचं सोपं आहे. व्यास ८ फूट, म्हणून त्रिज्या ४. ३.१४ × ४ × ४ × सव्वा फूट, म्हणजे ६२.८ घनफूट, जेमतेम १,७७७ लिटर. इथे त्रिज्येऐवजी व्यास घालू नकोस, उत्तर थेट चौपट येतं.

एवढा जीव टाकून लिहितोय, कारण या आकड्यावरच औषध ठरतं. लिटरला एक मिलिग्रॅम क्लोरीन हवं असेल तर ५०,००० लिटरला ५० ग्रॅम लागतं. पावडर ६५ टक्क्यांची असेल तर तीच ७७ ग्रॅम होते. सत्तर हजार धरून टाकलीस तर प्रत्येक वेळी चाळीस टक्के जास्त पडेल, आणि पाण्यात लहान पोरं असणार. पंपाचंही तसंच. सहा तासांत सगळं पाणी एकदा फिल्टरमधून फिरवायचं तर पन्नास हजाराला ताशी ८,३३३ लिटरचा पंप पुरतो, सत्तर हजाराला ११,६६७ चा लागतो. मोठ्या पंपाचं बिल दर महिन्याला येत राहील. आणि पाणी! आंबिया बहाराची संत्री झाडावर असताना, शेजाऱ्यांच्या बोअरला धाप लागलेली असताना, वीस हजार लिटर जास्तीचे टँकर बोलावणं मला तरी पटत नाही.

भरल्यावर पडताळा घ्यायचा एक मार्ग मला फार आवडतो. आरओसाठी घेतलेलं टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारं, वहिनींकडे असेलच. आधी टँकच्या पाण्याचं रीडिंग घे. त्याच पाण्याच्या १० लिटरच्या बादलीत २ ग्रॅम कोरडं मीठ विरघळव आणि रीडिंग किती वाढलं ते लिहून ठेव. मग टँकमध्ये त्याच मिठाचे १० किलो टाक, पंप दिवसभर फिरू दे, पुन्हा रीडिंग घे. बादलीत लिटरला २०० मिलिग्रॅम मीठ पडलं. टँकमध्ये ५०,००० लिटर असतील तर तिथेही तेवढंच पडेल आणि दोन्हीकडची वाढ सारखी येईल. टँकमधली वाढ जास्त आली तर पाणी पन्नास हजारांहून कमी आहे, आणि त्याच प्रमाणात कमी आहे. मीटर थोडं खोटं दाखवत असेल तरी चालतं, कारण बादलीलाही तेच मीटर लावलेलं असतं. ही युक्ती कितीही वाकड्यातिकड्या आकाराच्या टँकला लागू पडते, म्हणून तिचं मला इतकं कौतुक.

आणखी एक. सप्टेंबर २०२३ मध्ये एका रात्रीत नागपुरात शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि घराघरांत पाणी शिरलं, आठवतं ना? तसा पाऊस तुझ्या टँकवर पडला तर पातळी चार इंच चढेल, म्हणजे चार हजारांवर लिटर. ते बाहेर जायला वाट आत्ताच ठेवून घे. आणि पावसाळ्यात टँक कधी रिकामा करू नकोस. जमिनीतलं पाणी खालून दाब देतं. टँकमधल्या पन्नास टन पाण्याचं वजन तो दाब सोसून धरतं. ते काढून घेतलं तर तळाला तडे जाऊ शकतात, कधी अख्खा टँकच उचलला जातो.

रविवारी सकाळी मी टेप आणि लेव्हल पाइप घेऊन येतो. तोवर पंपाची ऑर्डर थांबव आणि ठेकेदाराला तिथे बोलावून ठेव. माणूस कामाचा दिसतो, काँक्रीट छान केलंय; त्याच्यासमोर मोजलं की तोही आकडा बदलेल. काकूंना नमस्कार.

तुझा,
दिलीप