गार्डसाहेब, आम्ही जपानहून आलो

नागपूर,
२४ मे

प्रिय गार्डसाहेब,

तुझ्या बटणाच्या फोनवर फोटो येत नाहीत आणि दुसरा फोन तू घेत नाहीस, म्हणून तुझ्या वाट्याला हे पत्र. बाकीच्यांना आमची खबर रोजच्या रोज मिळत होती. म्हणजे मी तरी तसं समजत होतो.

तिकडे रोज रात्री दहाला मी घरच्या ग्रुपवर दिवसाचा अहवाल टाकायचो. जपान आपल्यापुढे साडेतीन तास, म्हणजे नागपुरात तेव्हा संध्याकाळचे साडेसहा. सवय कुठे जाते? कंट्रोलला रिपोर्ट द्यावा तसं लिहायचो. इतके वाजता सुटलो, इतके वाजता पोचलो. शिंकानसेन १९६४च्या ऑक्टोबरात सुरू झाली, रूळ १४३५ मिलिमीटरचे, वरची तार आपल्यासारखीच २५ हजार व्होल्टची, टोकियो-ओसाका मार्गावर ताशी २८५ किलोमीटरपर्यंत पळते. खाली उत्तरं काय? एक अंगठा, दोन जोडलेले हात, आणि मेहुण्यांचं गुलाबाचं फूल, ‘शुभ सकाळ’. संध्याकाळी साडेसहाला! तुझी वहिनी म्हणाली, “अहो, लोकांना वेळापत्रक काहून पाठवून राहिले तुम्ही?” मी मनावर घेतलं नाही. फुजी पर्वत उजवीकडे दिसतो म्हणून पोरानं उजव्या खिडकीच्या सीटा काढून दिल्या होत्या, तर नेमके ढग. पायथा दिसला आणि तोही लगेच गेला. मी ग्रुपवर ढगांचाच फोटो टाकला.

खायचे हाल झाले, पण फार नाही. तिकडे साध्या भाजीच्या रश्शातही माशाचं पाणी असतं, हे माळकरी बायकोला सांगणार कोण? मग भाताचे त्रिकोणी गोळे, आत आंबटखारट प्लमचा गर, त्यावर आमचं घरचं तिखट. वरून पिशवीतली भाजणी होतीच. पण किटलीची गंमत ऐक. हिनं इथून दीड हजार वॅटची किटली नेली. हॉटेलात लावली तर अर्धा तास झाला तरी पाणी कोमट. ही म्हणे, “तुमच्या जपानची वीज थंड आहे.” मी डोकं खाजवलं तेव्हा उमगलं: तिकडे घरात १०० व्होल्ट. आपली किटली २३०ची. दाब निम्म्याहून कमी, तर ताकद जवळजवळ पाचवा हिस्सा. म्हणजे दीड हजाराची तीनशेसुद्धा धड उरली नाही. इंजिनात उभा जन्म घालवून हे मला बॅग भरताना सुचलं नाही. चहा करायला मग रोज हॉटेलवाल्याकडून उकळतं पाणी आणायचं.

परत आलो तर इथं ऊन असं, की वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून हात दुखायला लागले. तरी रविवारी संध्याकाळी सगळ्यांना घरी बोलावलं. सहाशे फोटोंतून दोनशे दहा निवडले, टीव्हीला जोडले, तर्री-पोहे केले. बायकोनं आधीच बजावलं होतं, की चाळीसच्या वर दाखवू नका. ऐकलं असतं तर बरं झालं असतं. पस्तिसाव्या फोटोला मेहुणे कूलरसमोर घोरायला लागले. साळी देवळांचे फोटो पाहून म्हणाली, “हे मघाशी दाखवलं न भाऊजी?” नव्हतं दाखवलं, ते दुसरं होतं. पण खरं सांगतो, मलाही मग तो फरक सांगता येईना. आणि तो ठरलेला प्रश्न आलाच, “एकूण लागले किती?”

तर हिनं पोह्याची बशी पुढे करत शांतपणे सांगितलं, “तो कागद हरणानं खाल्ला.”

मेहुणे जागे झाले.

आणि हे खोटं नाही बरं! नारा म्हणून जुनं राजधानीचं गाव आहे, तिथल्या बागेत हरणं मोकळी फिरतात. त्यांच्यासाठी पातळ बिस्किटं मिळतात. बिस्किट वर धरलं की मान लववून नमस्कार करतात. हिच्या पर्समधून हिशोबाची वही डोकावत होती. मागून एक हरीण आलं, हिला समोरच्याला नमस्कार करण्यात गुंतलेली पाहिलं, आणि दोन पानं ओढून नेली. हॉटेलं आणि तिकिटं. मी मागे धावलो, तर ते चावता चावता माझ्याकडं बघत होतं, ऑडिटरसारखं. हिनं बसल्या जागी मान लववून, ओठ हलवून ते हरीण असं करून दाखवलं की पोरं लोळून हसली. पुढचा अर्धा तास टीव्ही तसाच, फोटो क्रमांक पस्तीसवर. कोणाला पुढचा नको होता.

शेजारच्या मावशी मात्र तोवर गप्प बसून होत्या. दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाणाऱ्या, कामठीच्या ड्रॅगन पॅलेस बुद्धविहाराचा एक कार्यक्रम न चुकवणाऱ्या. त्यांनी हळूच विचारलं, “तिथला बुद्ध कसा आहे भाऊ? बसलेला का?” बसलेला, मी सांगितलं. ब्राँझचा, सुमारे पंधरा मीटर उंच. समोर उभं राहिलं की आधी फक्त तळहात दिसतो. आणि मग मला तिथं कळलेली गोष्ट सांगितली, जी मी ग्रुपवर लिहिलीच नव्हती, कारण त्या दिवशी अहवाल लांबला होता. ७५२ साली त्या मूर्तीचे डोळे रंगवण्याचा विधी झाला, तो केला बोधिसेन नावाच्या भिक्षूनं. आपल्याकडचा, भारतातला. ७३६ साली समुद्र ओलांडून तिकडं गेलेला. त्याच्या हातातल्या कुंचल्याला लांबच लांब दोऱ्या बांधल्या होत्या, आणि खाली जमलेल्यांनी त्या धरल्या होत्या. डोळे रंगवणारा एक, पण पुण्य दोरी धरणाऱ्या प्रत्येकाला. ती निळी रेशमी दोरी तिथल्या जुन्या भांडारात अजून जपलेली आहे.

मावशी म्हणाल्या, “आपला माणूस तिकडं गेला, अन् तिकडचे ससाई भन्तेजी इकडं नागपुरात आले.” मग थोडं थांबून, “दोरी धरायला बाया होत्या का?” होत्या, मी सांगितलं, सम्राज्ञी होती. त्यांनी मान हलवली. त्यांच्यासाठी तो एक फोटो पुन्हा मोठा करून लावला. जाताना हिच्याकडून त्याची प्रत मागून घेतली.

आता तुझ्यापुरतं. क्योटोहून नाराला आम्ही शिंकानसेननं नाही, साध्या लोकलनं गेलो. पहिल्या डब्यात ड्रायव्हरच्या मागं काच असते. ही म्हणाली, बसा की इकडं, जागा आहे. मी कसला बसतोय! शेवटपर्यंत त्या काचेला नाक लावून उभा. पांढरे हातमोजे घातलेला तरुण पोरगा. समोर खिशातल्या घड्याळासाठी खाच केलेली, त्यात घड्याळ बरोबर बसवलेलं. प्रत्येक सिग्नल आला की हात लांब करून बोट दाखवतो आणि मोठ्यानं बोलतो. एकटाच आहे, ऐकायला कोणी नाही, तरी बोलतो. आपणही सिग्नल ओरडून सांगायचो, इतवारी ते नागभीड त्या छोट्या गाडीवर असिस्टंट आणि मी दोघंही घसा फुटेस्तोवर. पण हातानं दाखवायची पद्धत आपल्याकडं तेव्हा नव्हती. एका ठिकाणी सिग्नल पिवळा आला आणि त्याच्याआधी माझ्याच तोंडून “कॉशन” निघून गेलं. शेजारची म्हातारी दचकली.

आणि शेवटच्या डब्यात गार्ड! तिथं अजून आहे बाप्पा, सगळ्या गाड्यांना नाही, पण त्या गाडीला होता. स्टेशनात गाडी थांबली की बाहेर येतो, फलाटाकडं बोट, दाराकडं बोट, मग शिट्टी, दारं बंद, मग आत जाऊन बझर. निघाली की खिडकीतून डोकं बाहेर काढून फलाट संपेपर्यंत बघत राहतो. तुझ्यासारखा. आपल्याकडं २०२२ पासून तुम्हाला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात, तू तेव्हा किती चिडला होतास ते मला आठवतं. याला ते जपानीत काय म्हणतात मी विचारलं नाही. टोपी मात्र छान होती.

परतताना मी मुद्दाम शेवटच्या डब्यात बसलो आणि फोनवर त्याचा व्हिडिओ घेतला. पाच स्टेशनांचा. ग्रुपवर टाकला नाही. रविवारीही लावला नाही, मेहुण्यांपुढं त्याचं काय करणार?

गोंदियाहून सकाळच्या गाडीनं ये. गुडघ्याचं निमित्त सांगू नको, स्टेशनवर मी घ्यायला येतो. संत्रा बर्फी संपली, तिकडं वाटून आलो. पण हिनं तुझ्यासाठी गोळाभात करायचं कबूल केलंय. आणि दुपारी कूलर लावून तो व्हिडिओ बघू, तू मागचं बघ, मी पुढचं सांगतो.

तुझा,
ड्रायव्हर