मॅडम, तुम्ही स्वतःचं नाव खोडलंत त्याबद्दल

आदरणीय मॅडम,

हे असं सगळ्यांसमोर लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, मला माहितीये. फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "बरं बरं, जेवलीस का" म्हणून विषय बदलता, मेसेजला नुसता अंगठा टाकता. म्हणून इथे लिहितेय, इथे तरी तुम्हाला मधेच थांबवता येणार नाही. माझा रिसर्च पेपर जर्नलमध्ये छापून आला. शेवटी आभाराच्या ओळीत तुमचं नाव आहे, पण ती एक ओळ वाचून कुणालाच कळणार नाही की तुम्ही काय केलं होतं, आणि ते मनात ठेवून बसणं मला जमत नाहीये.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मी बीड जिल्ह्यातली, बीएएमएस झाल्यावर एमपीएच, म्हणजे पब्लिक हेल्थमधलं मास्टर्स केलं, डिझर्टेशनचा विषय ऊसतोड कामगारांच्या मुलांचं लसीकरण. माझे चुलता-चुलती अजून कोयत्यावर जातात त्यामुळे विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. पण ज्याला सांगावं तो म्हणायचा गर्भाशयाच्या ऑपरेशनवर कर, ते लगेच छापून येतं. 2019 मध्ये नीलम गोऱ्हेंच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं, देशभर बातम्या झाल्या आणि व्हायलाच हव्या होत्या. पण त्याच कोप्यांमध्ये, म्हणजे त्यांच्या फडावरच्या झोपड्यांमध्ये, बाळंही असतात, त्यांच्या लशीचं काय होतं हे विचारायला कुणाला वेळ नव्हता.

तुमच्याकडे येण्याआधी मी कुठे कुठे फिरले ते सगळं नाही सांगत. ज्यांनी वाचायला हवं होतं त्यांनी टायटलच्या पुढे पान उलटलं नाही, कॅबिनबाहेर बसवून ठेवलं, आणि शेवटी एकच सूचना आली की पेपर काढशील तेव्हा पहिलं नाव माझं टाक, प्रमोशनला लागतं. एका सीनियरने सांगितलं जुना थिसिस घे, शब्द इकडचे तिकडे कर आणि सिमिलॅरिटी, म्हणजे दुसऱ्याच्या मजकुराशी जुळणारा भाग, 10 टक्क्यांच्या आत आण, कोण बघतंय. कॉलेजच्या गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे तर सिनॉप्सिसपासून बाइंडिंगपर्यंत पॅकेजच होतं. आणि रोज मेल यायचे कुठल्या कुठल्या जर्नलचे, पैसे भरा, आठवड्यात छापतो. या सगळ्यात मुलं-मुली अडकतात ते आळशी असतात म्हणून नाही हो, त्यांच्याजवळ बसून कुणी एक परिच्छेदसुद्धा वाचत नाही म्हणून अडकतात. मला अजून राग येतो.

तुमचं कॉलेज वेगळं, तुम्ही बायोस्टॅटिस्टिक्स, म्हणजे आरोग्याची आकडेवारी शिकवणार, माझ्या डिझर्टेशनवर सही करायचा तुमचा काही संबंध नाही. मैत्रिणीने नंबर दिला म्हणून भीत भीत आले. मला वाटलं आल्या आल्या पी-व्हॅल्यू वगैरे आकडेमोडीचंच विचाराल. तुम्ही एक्सेल शीट बराच वेळ खालीवर केली आणि विचारलंत, "अगं, ही बाळं कुठल्या महिन्यातली आहेत?"

तिथून माझं डोकं चालायला लागलं. गोवर-रुबेलाचा पहिला डोस 9 महिने पूर्ण झाल्यावर. ऊसतोडीच्या टोळ्या निघतात दसरा-दिवाळीच्या सुमारास. म्हणजे फेब्रुवारीत जन्मलेलं बाळ 9 महिन्यांचं होणार नोव्हेंबरात, नेमकं तेव्हाच ते सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडावर असणार, गावच्या आशाताईच्या यादीत नाव आहे पण बाळ नाही, आणि तिकडच्या आशाताईच्या यादीत मुळात नावच नाही. आईला "अडाणी आहेत, लस टोचून घेत नाहीत" म्हणून मोकळं होणं सोपं असतं, मीही तेच ऐकत मोठी झाले. तुम्ही ते एका प्रश्नात उलटं केलंत. जन्ममहिना माझ्या शीटमध्ये होताच, पण तो कामाचा आहे हे आधी एकालाही सुचलं नव्हतं.

मग ड्राफ्ट. तुम्ही पहिली दोन पानं वाचलीत, जगात लसीकरण किती महत्त्वाचं आहे वगैरे, जसं सगळेच लिहितात तसं. म्हणालात हे वाचणाऱ्याला माहितीये, तू काय पाहिलंस ते सांग. मी सांगितलं. एक बाई, कोपीत चुलीपाशी, हातात अजून पाचट लागलेलं, तिने आडव्या बांबूला टांगलेली पिशवी काढली, त्यात आधार, रेशनकार्ड, मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचा, म्हणजे आगाऊ पैशांचा, हिशेब लिहिलेली चिठ्ठी, सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. लसीचं कार्ड नव्हतं. कार्ड गावाला सासूकडे पेटीत, कारण हरवलं तर शाळेच्या दाखल्याला अडचण येईल असं तिला कुणीतरी सांगितलेलं. इतकं जपलं की बाळाजवळ राहिलंच नाही. तुम्ही म्हणालात, "हेच लिही. कार्ड बघून नोंदवलेले डोस वेगळे आणि आईने तोंडी सांगितलेले वेगळे दाखव, आणि कार्ड का नव्हतं तेही लिही." जर्नलसाठी पेपर तपासणाऱ्या रिव्ह्यूअरने नंतर बरोबर तोच टेबल चांगला आहे म्हणून लिहिलं.

वाचायला तुम्ही काय दिलंत तर गडचिरोलीचा, डॉ. बंगांचा लॅन्सेट या मेडिकल जर्नलमधला 1999 चा पेपर, घरच्या घरी नवजात बाळाच्या काळजीचा. 39 गावांत गावातल्याच थोडंफार शिकलेल्या बायकांनी काम केलं आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. मी घाबरत उघडला आणि वाक्यं बघून चकित झाले, इतकी साधी. इथलंच काम, इथल्याच बायका, आणि पुढे 2011 पासून देशभर आशाताई बाळांच्या घरी भेटी द्यायला लागल्या. आपल्या गावाबद्दल साध्या भाषेत लिहिलेलं जग वाचतं हे मला कुठल्या लेक्चरने शिकवलं नाही, त्या झेरॉक्सने शिकवलं.

पण ज्याच्यासाठी हे पत्र आहे ती गोष्ट वेगळीच. फायनल ड्राफ्ट घेऊन आले होते. पहिल्या पानावर तुमचं नाव टाकलं होतं, न विचारता, कारण ते असायलाच पाहिजे असं मला वाटत होतं. तुम्ही पर्समधून पेन्सिल काढलीत, पट्टी घेतलीत, आणि स्वतःच्या नावावर सरळ रेघ मारलीत. पट्टी लावून! मी काही बोलायच्या आत तुम्ही आयसीएमजेईच्या, म्हणजे मेडिकल जर्नलच्या संपादकांच्या समितीच्या, पेपरचा लेखक कुणाला म्हणायचं त्या अटींचं पान समोर ठेवलंत. चार अटी, आणि चारही पूर्ण झाल्या तरच लेखक. म्हणालात, "मी तपासलंय फक्त. हिंडलीस तू, लिहिलंस तू." मग विचारलंत, प्रत्येक वस्तीवरच्या बाळांची यादी कुणी करून दिली? मी आशाताईचं नाव सांगितलं. तुम्ही तुमच्या खोडलेल्या नावाचा बाण काढून खाली आभारात नेलात आणि तुमच्या आधी आशाताईंचं नाव लिहिलंत, वर बारीक अक्षरात, "त्यांना विचारून मगच".

मी बाहेर आले आणि जिन्यात बसून रडले. ज्यांनी पान उलटलं नाही त्यांना पहिलं नाव पाहिजे होतं आणि जिने ओळ न् ओळ वाचली ती पट्टीने रेघ मारत होती.

ते आयसीएमजेईचं पान घेऊनच मी कॉलेजला गेले. तिथे काय बोलणं झालं ते जाऊ दे, पेपरवर पहिलं नाव माझं आहे. आशाताईंना विचारायला घरी गेले तर त्यांनी आधी नवऱ्याला बोलावलं, मग पोरीला, आणि सगळ्यांसमोर परत वाचून दाखव म्हणाल्या.

चांगली माणसं असतात हो. कुठल्या तरी डिपार्टमेंटच्या कोपऱ्यात, पंख्याखाली, दुसऱ्याच्या पोरीचा टेबल नंबर तीन तपासत बसलेली असतात, त्यांचं नाव नोटीस बोर्डावर नसतं, सत्कार होत नाही. पब्लिक हेल्थमध्ये आम्ही सारखं सिस्टीम सिस्टीम करतो, आणि सिस्टीम सुधारायलाच पाहिजे, पण माझ्यापुरतं ती सुधारेपर्यंत तुम्ही होतात. आता ज्युनियर मुली ड्राफ्ट पाठवतात, मी वाचते, पूर्ण वाचते, पेन्सिल घेऊन.

आणि अजून एक सांगायचं राहिलं. यंदा टोळ्या निघायच्या आधी तालुक्यातल्या दोन आरोग्य केंद्रांनी जन्ममहिन्यावरून यादी काढायचं कबूल केलंय, म्हणजे फडावर 9 महिने पूर्ण होणार त्यांची नावं आणि जाणार कुठे ते मुकादमाकडून आधीच लिहून घ्यायचं आणि तिकडच्या सिस्टरला कळवायचं, आणि सोबत जायला कार्डाची दुसरी प्रत द्यायची. पहिलं सेशन आमच्या वस्तीवर आहे. तुम्ही याच. आई म्हणतेय लॉजवर उतरायचं नाही, घरीच राहायचं, आणि तुम्हाला तिखट चालतं का ते विचारून ठेव म्हणाली.

तुमचीच,
बीडची डॉक्टर