वरची खोली तुम्ही रंगवलीत, आणि मी मात्र येत नाही

बेंगळुरू,
४ जानेवारी २०२६

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

ही गोष्ट फोनवर सांगता आली असती. पण फोनवर आई लगेच ‘बरं, बरं’ म्हणते, बाबा फोन तिच्या हातात देऊन ओटल्यावर जाऊन बसतात, आणि सांगायचे ते राहूनच जाते. म्हणून लिहीत आहे. दोघांनी एकत्र बसून, चष्मा लावून, शेवटपर्यंत वाचा आणि मधेच थांबून मला फोन करू नका.

निर्णय आधी सांगते, कारण तो झालेला आहे. टीम लीडची जागा मी घेतलेली नाही. परवा शुक्रवारी तसे लेखी कळवले. त्या जागेबरोबर इंदूरला घरी राहून काम करण्याची जी सोय मिळणार होती, तीही त्यामुळे गेली. मी येत्या वर्षी तरी कायमची परत येत नाही.

आईने वरच्या खोलीचा फोटो पाठवला, तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते. फिकट निळा रंग, खिडकीपाशी टेबलासाठी मोकळी सोडलेली जागा, आणि भिंतीत बसवलेले दोन नवे सॉकेट, ज्यांची उंची बाबांनी मला विचारून कागदावर लिहून घेतली होती. माझे मन तेव्हा जवळजवळ ठरलेले होते आणि तरीही मी उत्तरात ‘छान दिसतेय’ एवढेच लिहिले. तुम्हाला त्याच वेळी खरे सांगायला हवे होते. ते सांगितले नाही याबद्दल मी तुमची क्षमा मागते. निर्णयाबद्दल मात्र क्षमा मागत नाही, कारण तो मी पुष्कळ विचार करून घेतला आहे.

माझे काम नेमके काय, हे मी तुम्हाला कधी नीट सांगितलेच नाही. ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हा रामबागेतल्या दोन-तीन ओळखीच्यांनी तुम्हाला ‘मुलीची नोकरी गेली का’ असे विचारले आणि तुम्हाला उत्तर सुचले नाही. आमच्या खेळांत कोणी पैसे लावत नाही. ते गोष्टीसारखे असतात. फक्त त्या गोष्टीतून खेळणारा स्वतः चालत जातो. सध्याच्या खेळात एक अवकाशस्थानक आहे. त्याच्या प्रत्येक दारातून मी चालत, धावत, उलट्या पावलांनी, हातात सामान घेऊन शेकडो वेळा गेले आहे, आणि जिथे पात्र जमिनीतून आरपार खाली पडते तिथे थांबून, नेमके काय केल्यावर ते पडले, हे पायरी-पायरीने लिहून ठेवले आहे. आई परातीत तांदूळ पसरून खडे निवडते, तशा नजरेचे हे काम आहे. खडा निघाला नाही तर जेवणाऱ्याच्या दाताखाली येतो, आणि मग जगभरचे खेळणारे विचारतात की तपासणारे झोपले होते काय.

तपासणारे झोपलेले नसतात. खेळ बाजारात येण्याआधीचे सहा आठवडे आम्हाला साप्ताहिक सुट्टी नव्हती. आमचा करार अकरा महिन्यांचा असतो आणि तो चौथ्यांदा नवा केला गेला आहे; माझ्या शेजारच्या दोघांचा करार मात्र खेळ बाहेर पडल्यावर आठवड्याभरात संपवला गेला.

आणि बाबा, दिवाळीतली ती रात्र तुम्हाला आठवत असेल. मी टीव्हीला खेळ जोडला, तो बनवणाऱ्यांची शेवटची नामावली लावली आणि आईला स्वयंपाकघरातून हाक मारली. अठरा मिनिटे नावे सरकत होती. तुम्ही चष्मा पुसून पुढे सरकून बसलात. नामावली संपली, माझे नाव आले नाही, आमच्यापैकी कोणाचेच आले नाही, आणि तुम्ही म्हणालात, ‘फार भरभर गेली, पुन्हा लाव.’ मी पुन्हा लावली, कारण ‘त्यात माझे नाव नाहीच’ हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. दुसऱ्यांदाही तुम्ही पूर्ण अठरा मिनिटे वाचत राहिलात. त्यानंतर सहकाऱ्यांबरोबर कामगार संघटना काढण्याचे मी जे ठरवले, त्याची सुरुवात त्या रात्री झाली.

लहानपणी उन्हाळ्यात गच्चीवर मच्छरदाणीत तुम्ही मला विज्ञानकथा वाचून दाखवत होतात. आई ‘झोपू दे तिला’ म्हणत असे आणि स्वतःच पुढे काय झाले ते विचारत असे. गेल्या वर्षी २० मे रोजी जयंत नारळीकर गेले, तेव्हा तुम्ही मला फोन केलात आणि बराच वेळ बोललाच नाहीत. त्यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी आपली कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती. आद्याक्षरे उलटी करून घेतलेले हे नाव तुम्हीच मला ओट्यावरच्या पिठात बोटाने लिहून दाखवले होते. कथा कथा म्हणूनच पारखली जावी, म्हणून त्यांनी आपले नाव झाकले आणि पहिले बक्षीस मिळाल्यावर ते उघड केले. त्यांनी नाव झाकले ते स्वेच्छेने. आमची नावे झाकताना आम्हाला कोणी विचारले नाही. हा फरक मला फार मोठा वाटतो.

गच्चीवर मला यंत्रमानव सर्वांत जास्त आवडत. ‘रोबो’ हा शब्द कुठून आला ते मला पुष्कळ उशिरा कळले. चेक नाटककार कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या नाटकातून तो जगभर गेला. शब्द सुचवला त्यांच्या भावाने, आणि तो ज्या ‘रोबोटा’वरून बनला त्याचा अर्थ आपल्या ‘वेठ’ या शब्दाच्या अगदी जवळचा आहे. त्या नाटकातले यंत्रमानव राबून राबून शेवटी उठाव करतात. म्हणजे ज्या कथांच्या वेडापायी मी या कामात आले, त्यांच्या मुळाशीच राबणाऱ्यांचा प्रश्न होता. मी खेळाचे वेड सोडून भलतीकडे वळले, असे तुम्हाला वाटू नये म्हणून हे लिहिले.

हे सगळे मी एकटीने डोक्यात घेतलेले नाही. अमेरिकेत रेव्हन सॉफ्टवेअर नावाच्या स्टुडिओतल्या खेळ-तपासनीसांनी मे २०२२ मध्ये १९ विरुद्ध ३ मतांनी संघटना स्थापन केली; इतक्या थोड्या माणसांनी ते करून दाखवले. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने खेळ विभागातल्या १,९०० जणांना एका दिवशी कमी केले. त्याच वर्षी २६ जुलैपासून खेळांना आवाज आणि हालचाल देणारे अमेरिकेतले कलावंत संपावर गेले, कारण त्यांचा आवाज एकदा रेकॉर्ड करून पुढे संगणकाकडूनच नवी वाक्ये बोलवून घेतली जातील, ही त्यांची भीती होती. जवळजवळ वर्षभराने, जुलै २०२५ मध्ये, संमती आणि मोबदल्याच्या अटी असलेला नवा करार त्यांनी मंजूर केला. आई, तू सानंद संस्थेच्या नाटकाला जाऊन आलीस की चार दिवस नटाच्या आवाजाविषयीच बोलत असतेस. तो आवाज त्याला न विचारता कोणी वापरला तर तुला कसे वाटेल, एवढाच विचार कर.

आपल्याकडे संघटनेच्या नोंदणीसाठी किमान सात सदस्यांनी अर्ज करावा लागतो. १९२६ च्या कामगार संघटना कायद्यातही सातच होते आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेतही सातच आहेत. आमचा अर्ज तयार झाला आहे, आणि त्यावरची तिसरी सही माझी आहे.

आता लीडच्या जागेविषयी. लीड झाले की सहकाऱ्यांना गुण देणे, पाळ्या लावणे आणि कोणाचा करार वाढवावा याची शिफारस करणे ही माझी कामे झाली असती. शिवाय पर्यवेक्षकाचे काम करून महिना १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारी व्यक्ती त्या संहितेनुसार औद्योगिक वादासाठी ‘कामगार’ धरली जात नाही. ज्यांच्याबरोबर मी सही केली, त्यांच्याच कराराचा कागद दुसऱ्या बाजूने माझ्या हातात आला असता. पगार वाढला असता, तुम्ही डोळ्यांसमोर राहिला असता, आणि त्या सहा जणांपैकी कोणाचाही फोन मला उचलता आला नसता.

बाबा, तुम्ही हे वाचताना आजोबांची मिल तुमच्या डोळ्यांसमोर येईल, हे मला माहीत आहे. ते भोंगा बंद झाल्यावरही त्याच वेळेला उठत राहिले, हे तुम्ही पाहिले आहे. मी फक्त ऐकले आहे. २५ डिसेंबर २०२३ रोजी हुकुमचंद मिलच्या कामगारांची सुमारे २२४ कोटींची थकबाकी देण्याचा कार्यक्रम झाला, तेव्हा तुम्ही मला बातमी वाचून दाखवलीत आणि म्हणालात, ‘तीस वर्षांनी, आणि घेणारे किती उरले?’ तुमचा तो प्रश्न बरोबर आहे. पण तुम्हीच मला खांद्यावर बसवून अनंत चतुर्दशीच्या झांक्या, ते सजवलेले चित्ररथ, दाखवायला नेत होतात, आणि मिली बंद पडून इतकी वर्षे झाली तरी त्यांच्या नावाच्या झांक्या दर वर्षी रात्रभर निघतात. त्यांचे नाव गाड्यावर रंगवलेले असते आणि सारे शहर जागून ते वाचते. ‘सही करण्यापूर्वी कागद तीन वेळा वाच’ हे तुम्ही शिकवलेत. मी तीन वेळा वाचला, मगच सही केली.

माझी काळजी करू नका. खोली चांगली आहे, पाणी चोवीस तास असते, रात्रपाळीला ने-आण करायला गाडी येते आणि दाराशी सोडते. कोपऱ्यावर ज्वारीची भाकरी मिळते. आईने दिलेले जीरावण संपले होते, ते इथल्या एका इंदुरी मुलीने आणून दिले. नोकरी गेलीच तरी आठ महिन्यांचा खर्च मी वेगळा ठेवला आहे. तुमच्या आरोग्यविम्याचा हप्ता माझ्या खात्यातून जातो, त्याचा कंपनीशी काही संबंध नाही, तेव्हा त्यात खंड पडणार नाही.

आता माझे ऐकायचे. बाबांची साखरेची गोळी डॉक्टरांनी ‘जेवणाबरोबर’ लिहिली आहे. तो कागद फ्रिजवर चिकटवलेला आहे, त्यावर घरात पुन्हा वाद नको. सराफ्यात गराडू खायला आठवड्यातून एकदाच जायचे, आणि स्कूटर न काढता रिक्षाने जायचे. आई, दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन फेब्रुवारीच्या पुढे ढकलायचे नाही. त्यासाठी मी दहा दिवसांची बिनपगारी रजा घेतली आहे. डोळ्यात थेंब मी घालीन, स्वयंपाकही मीच करीन, आणि तू पट्टी सोडून ओट्याशी उभी राहिलीस तर मी रागावेन. न्हाणीघरातली रबरी चटई वाळत घालून विसरू नका. रंगपंचमीला पुन्हा येईन. गेरची रंगीत मिरवणूक पाहायला बाबांनी राजवाड्याच्या गर्दीत शिरायचे नाही, आपण गच्चीवरून रंग उडवू.

वरची खोली माझ्यासाठी रिकामी ठेवू नका. आत्या हिवाळ्यात आली तर तिला तिथे झोपवा. खिडकीशी ऊन येते, तिच्या गुडघ्यांना बरे वाटेल. रंग मला खरोखर आवडला आहे. हे आता मन मोकळे झाल्यावर लिहिते आहे, तेव्हा त्यावर विश्वास ठेवा.

एक काम आहे. संघटनेच्या कोषाध्यक्षाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे आणि आम्हाला वर्गणीचे पावतीपुस्तक छापायचे आहे. निळ्या पत्र्याच्या पेटीत आजोबांच्या युनियनच्या पावत्या आहेत. त्यांतली एक स्वच्छ दिसणारी पाहून दोन्ही बाजूंचा फोटो मला पाठवा, म्हणजे त्यावर काय काय लिहिलेले असायचे ते कळेल. पेटीची किल्ली देवघराच्या डाव्या खणात, हळदीच्या डबीखाली आहे. पेटी जड आहे. बाबांनी ती एकट्याने उचलू नये आणि आईला तर मुळीच उचलू देऊ नये. पलंगाखालीच थोडी पुढे ओढून, जागेवरच उघडावी.

तुमची,
छकुली