निवृत्त श्वानांच्या औषधपाण्याचं बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लष्करातला किंवा सुरक्षा दलातला कुत्रा कामी आला की तिरंग्यातला त्याचा फोटो येतो, दोन दिवस सगळ्यांच्या स्टेटसला झळकतो. जे जिवंत राहून म्हातारे होतात, त्यांची चौकशी कोणी करत नाही. मी गडचिरोली जिल्ह्यात पशुधन पर्यवेक्षक होतो, म्हणून हे लिहितो आहे.

आमच्या सिरोंचा तालुक्याला लागून असलेल्या बिजापूर जिल्ह्यात, कर्रेगुट्टाच्या डोंगरात, एप्रिल २०२५ मध्ये नक्षलविरोधी मोहिमेत सीआरपीएफची रोलो ही दोन वर्षांची कुत्री गेली. गोळीनं नाही, सुरुंगानंही नाही, मधमाश्यांनी. हँडलरनं, म्हणजे तिला सांभाळणाऱ्या जवानानं, तिच्यावर पॉलिथिन टाकलं. माश्या आत शिरल्या, ती तडफडत बाहेर आली आणि दोनेकशे डंख बसले. मोहफुलं वेचणाऱ्या, तेंदूपत्ता तोडणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पण आग्या मोहोळ उठलं की आपण जीव घेऊन पळतो. ती हँडलरच्या दोरीला बांधलेली.

त्यात आपल्याकडचा उन्हाळा. कुत्र्याला घाम येतो तो पंजाच्या गाद्यांतून, तोही नावापुरता. अंग थंड करायला धापा टाकाव्या लागतात आणि धापा सुरू झाल्या की हुंगणं मंदावतं. तरी ते जमिनीला नाक लावून चालतं, कारण शेवटी चेंडू मिळणार असतो, पाठीवर थाप पडणार असते. देश, सीमा, शत्रू यांतलं त्याला काही ठाऊक नाही. लढाईत त्याला आपण नेलं.

२०२२ मध्ये काश्मिरात लष्कराचे अ‍ॅक्सल आणि झूम हे कुत्रे गेले, २०२३ मध्ये राजौरीत हँडलरला वाचवताना केंट गेली. त्यांचा मान झाला, योग्यच झालं. पण २०१५ पर्यंत लष्करात निवृत्त कुत्र्यांना इंजेक्शन देऊन मारत असत, हेही विसरू नये. माहिती अधिकारात ते उघड झालं, ओरड झाली, तेव्हा धोरण बदललं. आता ते दत्तक मिळतात.

घेणारे मिळतीलही, पुढचं काय? आठ-दहा वर्षांचं कुत्रं म्हणजे कंबर धरलेली, दात झिजलेले, कधी मोतीबिंदू. तालुक्याच्या दवाखान्यात लाळ्या-खुरकूत, घटसर्पाची लस असते. कुत्र्याच्या सांधेदुखीला मात्र बाहेरून औषध आणा म्हणून चिठ्ठी. अशा चिठ्ठ्या मीच लिहिल्या आहेत.

लष्कर, सीआरपीएफ आणि पोलिसांच्या निवृत्त कुत्र्यांना राज्य सरकारनं एक कार्ड द्यावं. त्यावर तालुक्याला औषध फुकट आणि एक्स-रे, शस्त्रक्रिया नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात. अशी कुत्री तालुक्याला एखाद-दुसरंच निघेल, तिजोरीला ते जड नाही. सुरुवात गडचिरोलीपासून करावी. सुरुंग हुंगणारी कुत्री इथे सगळ्यांनी पाहिलेली आहेत.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
ता. सिरोंचा, जि. गडचिरोली